चक्कीकडची भिंत

घराबाहेर पडताना आनंदी कुलूप तीनदा ओढून पाहायची. एकदा स्वतःसाठी, एकदा रत्नाकरसाठी, कारण तो कधीच ओढून पाहत नसे, आणि एकदा कुलूप बनवणाऱ्यासाठी, कारण त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता.

हा स्वभाव लहानपणापासूनचा. बालाजी घाटावरच्या माहेरी ती पाच भावंडांत थोरली. गंगेवर आंघोळीला जाताना पायऱ्या उतरताना ती स्वतःसकट भावंडं मोजायची आणि चढताना पुन्हा मोजायची. एकदा चढताना सहा भरली. कमी भरण्यापेक्षा जास्त बरी, असं म्हणून तिनं सगळ्यांना घरी आणून वरणभात वाढला. सहावी लखनौच्या यात्रेकरूंची मुलगी होती आणि तिचे आईवडील तिला हाका मारत घाट पालथा घालत होते. त्यानंतर आनंदी नुसती संख्या न मोजता चेहरेही तपासू लागली.

फिजिक्स घेऊन ती बी.एस्सी. झाली तेव्हा प्रयोगशाळेत तिची कीर्ती होती. बाकीच्या मुली एक माप एकदा घेत, आनंदी पाचदा घ्यायची आणि सहाव्यांदा शेजारणीचं तपासायची. पुढे दूधविनायक मोहल्ल्यातल्या रत्नाकरशी लग्न झालं. रत्नाकर रेल्वेत ड्राफ्ट्समन. चौतीस वर्षं त्यानं कागदावर रेघा मारल्या, पण घरात एक खिळा ठोकला नाही. ठोकायची वेळ आली की तो आधी खिळ्याचं ड्रॉइंग काढायला बसे आणि तेवढ्यात संध्याकाळ होई. मग आनंदीच स्टुलावर चढायची. नळाचा वायसर, मिक्सरच्या मोटरचा कार्बन, पंख्याचं रेग्युलेटर, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. दुसऱ्यानं दुरुस्त केलं तर ते नीट केलं की नाही याची काळजी लागायची, त्यापेक्षा स्वतः केलेलं सोपं.

रत्नाकर रिटायर झाला आणि त्यांनी गंगेपलीकडे रामनगरला घर बांधलं. नकाशा अर्थातच रत्नाकरचा. पुराचं पाणी शिरलं तर, ही काळजी आनंदीची. म्हणून खालच्या गॅरेजच्या भिंती विटांच्या न करता काँक्रीटच्या केल्या, आणि गॅरेज मजबूत झालं. त्यात गाडी मात्र कधी आली नाही. गाडी आली असती तर कुणीतरी चालवली असती, आणि ते आनंदीला सोसलं नसतं.

सगळं त्या गॅरेजपासून सुरू झालं.

त्यांची एकुलती एक मुलगी ऋता, वय सव्वीस, हिचा आवाज फार गोड. ती गोष्टी वाचून रेकॉर्ड करायची, मराठीत आणि हिंदीत. लोक म्हणे मोबाइलवर पुस्तकं ऐकतात. पुण्याच्या एका कंपनीला तिचा आवाज आवडला होता. शरदिनी मॅडम म्हणून तिथे कुणी होत्या, त्यांनी सांगितलं, अर्ध्या तासाचा नमुना पाठव, पण मागे कसलाही आवाज नको. ऋतानं वरच्या खोलीत डोक्यावर रजई घेऊन तीन नमुने पाठवले. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: मागे काय घरघरतंय?

मागे यादवजींची पिठाची चक्की घरघरत होती. गॅरेजच्या काँक्रीटच्या भिंतीला लागूनच त्यांचा गाळा. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत निम्म्या रामनगरचा गहू तिथं दळला जायचा, आणि ती घरघर भिंतीतून शिरून जिन्यानं वर चढून थेट ऋताच्या रजईत घुसायची.

शेवटी शरदिनी मॅडम म्हणाल्या, शनिवारपर्यंत एकच संधी देते. नाही जमलं तर पुण्याला ये, इथे आमचा स्टुडिओ आहे, इथेच राहा. ऋतानं सोमवारचं पुण्याचं तिकीट काढून ठेवलं.

"जा की," आनंदी म्हणाली. "पुणं छान आहे. हवा चांगली."

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि गॅसचं बटण सहा वेळा तपासून आली. शिकलेल्या आईनं मुलीला अडवायचं नसतं, हे तिनं फार पूर्वीच ठरवलं होतं. पण पुण्यात ही जेवेल का, खोली कुणासोबत घेईल, ताप आला तर कुणाला सांगेल, आणि सांगेल तरी का?

दुसऱ्या दिवशी ऋता मोबाइल घेऊन आली. "आई, हे देख ना. मतलब बघ. गॅरेजमध्येच खोली करायची. हे लोक काँक्रीटच्या भिंतीला चिकटवत नाहीत काही. तिच्या पुढे लाकडाची एक वेगळी भिंत उभी करतात. खाली एक पट्टी, वर एक पट्टी, मध्ये उभे दांडे. दांड्यांमध्ये लोकरीसारखं काहीतरी भरतात आणि वरून बोर्ड ठोकतात. दोन भिंतींमध्ये हवा राहते. आवाज या भिंतीतून त्या भिंतीत जातच नाही."

"एकमेकींना लागायला नको," आनंदी म्हणाली. तिच्यातली बी.एस्सी. तीस वर्षांनी जागी झाली. "लाकूड काँक्रीटला कुठेही टेकलं, तर तिथून कंपन जाणार. एक दांडा जरी टेकला तरी."

"एक्झॅक्टली!"

"आणि काँक्रीटला ओल असते. लाकूड कुजेल. वाळवी लागेल. ती वर येईल. कपाटात शिरेल. तुझ्या सर्टिफिकिटांना—"

"आई, शनिवारपर्यंत नाही लागत वाळवी."

रस्त्याकडचं शटर काढून तिथं भिंत आणि जाड दार गवंड्यानं दोन दिवसांत बसवून दिलं. दाराला चारही बाजूंनी रबर, मधे वीतभर काच. राहिली होती ती फक्त चक्कीकडची बाजू. रामनगरच्या सुतारानं हात जोडले. "भाभीजी, लगन चल रहा है. पलंग-अलमारी से साँस लेने की फुरसत नहीं. होली के बाद आइए."

होळीपर्यंत कोण थांबतंय! त्याच दुपारी आनंदी लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, जाऊन उभी राहिली. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाचा प्रत्येक दांडा डोळ्यासमोर आडवा धरून ती त्याच्या टोकापासून टोकापर्यंत पाहायची, बंदुकीचा नेम धरल्यासारखी. वाकडा असला की बाजूला. टालवाल्यानं आधी आदरानं पाहिलं, मग कंटाळून, शेवटी स्वतःच वाकडे दांडे काढून द्यायला लागला. "माताजी, आप इंजीनियर हैं का?"

"माँ हूँ," आनंदी म्हणाली.

घरी रत्नाकरनं तीन मोठे कागद भरले होते. समोरून, बाजूनं, वरून. दांड्या-दांड्यांत सोळा इंच. कोपऱ्यात चौकट आखून त्यानं लिहिलं होतं, 'काढणारा: रत्नाकर, तपासणारा: रत्नाकर.'

"तपासणारी मी," आनंदी म्हणाली आणि तिनं दुसरा रत्नाकर खोडला.

मंगळवारी सकाळी लाकूड खाली मांडलं, करवत, हातोडी, ओळंबा, टेप सगळं ओळीनं ठेवलं, ऋताच्या डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे चढवले, आणि तेवढ्यात वेणीमाधवभाऊजी आले. रत्नाकरचे थोरले भाऊ. दूधविनायकात राहायचे, पूजा सांगायचे, आणि दर मंगळवारी पूल ओलांडून धाकट्या भावाकडे जेवायला यायचे. ते दारातच थबकले.

"हे काय चाललंय?"

"भिंत, दादा," रत्नाकर म्हणाला.

"मुहूर्त?"

ऋताच्या या काकांनी खिशातून पंचांग काढलं, चष्मा कपाळावर सरकवला. "अरे वा! नशीब बघा. अकरा अठराला उत्तम आहे. आत्ता किती? अकरा पाच. आनंदी, हळदकुंकू. ऋता, आंब्याचा टहाळा. रत्नाकर, मेढ कुठली?"

"मेढ?"

"घरात कार्य काढलंय ना? मग मुहूर्तमेढ नको? लग्नात रोवतो, मुंजीत रोवतो, मग पोरीच्या पोटापाण्याच्या कामाला नको?"

आणि तिथून तेरा मिनिटं घरात जी पळापळ झाली ती विचारू नका. टहाळा यादवजींच्या आंब्याचा, हळद स्वयंपाकघरातली, कुंकू आनंदीच्या पर्समधलं. नारळ सापडेना, म्हणून सुपारी. काकांनी सर्वांत सरळ दांडा निवडला, त्याच्या टोकाला टहाळा बांधला, कोपऱ्यात नेऊन काँक्रीटच्या भिंतीला पाठ लावून उभा केला आणि मोठ्यानं मंत्र म्हणायला लागले. अकरा अठराला रत्नाकरनं जन्मात पहिल्यांदा हातोडी उचलली. पायथ्याला दोन जाड लोखंडी पट्ट्या, त्यातून काँक्रीटचे खिळे. पहिला घाव खिळ्यावर बसला, दुसरा खिळ्यावर, तिसराही खिळ्यावर! रत्नाकर स्वतःच इतका चकित झाला की थांबेचना. चार खिळ्यांच्या जागी त्यानं अकरा ठोकले. ऋतानं टाळ्या वाजवल्या, आनंदीनं त्याची दहा बोटं मोजली, काकांनी अक्षता टाकल्या. सगळे एकदम हसायला लागले.

आणि मग हसता हसता आनंदी थांबली.

"ऋता," ती म्हणाली, "हा दांडा भिंतीला टेकलाय."

नुसता टेकला नव्हता. खालपासून वरपर्यंत काँक्रीटला घट्ट चिकटून उभा होता. तिनं त्यावर तळहात ठेवला. पलीकडे चक्की चालू होती आणि हळद लावलेला दांडा मांजरासारखा गुरगुरत होता.

"काढू या मग," ऋता म्हणाली. "चार इंच पुढे घेऊ."

"काय काढू या?" काका म्हणाले.

"हा दांडा, काका."

"दांडा? तो आता दांडा आहे होय! मेढ आहे ती. कार्य पार पडेपर्यंत मेढ हलवत नाहीत. तू मराठी मुलगी आहेस ना?"

"काका, ध्वनी त्यातून—"

"ध्वनी गेला खड्ड्यात."

"खड्ड्यातच गेला असता तर काय हवं होतं!" ऋता म्हणाली आणि फिस्सकन हसली. पण तिचे डोळे हसत नव्हते, ते आनंदीला दिसलं. शनिवारला चार दिवस होते.

आनंदीचं काय झालं म्हणून सांगावं! तिला पक्कं ठाऊक होतं, तो दांडा तिथं राहिला आणि भिंतीला जोडला गेला की सगळी मेहनत पाण्यात. आणि तिला तेवढंच पक्कं ठाऊक होतं की मुलीच्या नावानं रोवलेली, हळदकुंकू लावलेली मेढ ती स्वतःच्या हातानं उपटू शकत नाही. उपटली आणि उद्या ऋताला साधी शिंक आली, तरी आयुष्यभर तिला तेच आठवलं असतं. बी.एस्सी. एका कानात ओरडत होती आणि आई दुसऱ्या.

"अहो, तुम्ही तरी सांगा काहीतरी," ती रत्नाकरला म्हणाली.

"अकरा खिळे आहेत," रत्नाकर अभिमानानं म्हणाला. "निघणार नाहीत."

काका जेवायला बसले. त्यांना चुडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, वाढून आनंदी पुन्हा खाली आली. दुसरं काही सुचेना, तेव्हा ती तपासायला लागली. ओळंबा घेतला आणि छतापासून, भिंतीपासून दोन इंच अंतर ठेवून, खाली सोडला. एका जागी सोडला, दोन फुटांवर सोडला, मग आणखी दोन फुटांवर. आणि मधोमध ओळंब्याचा दोरा भिंतीला टेकला. वर मोकळा, खाली मोकळा, मधे टेकलेला. तिनं पुन्हा केलं. पाचदा केलं.

"ऋता!" ती ओरडली. "या भिंतीला पोट आहे!"

ऋता धावत आली. खरंच होतं. काँक्रीट ओतताना फळ्या फुगल्या असणार. भिंत मधे चांगली दोन इंच पुढे आली होती. वरून रत्नाकरचा आवाज आला, "माझ्या भिंतीला पोट नाही!"

"आहे, बाबा! तुमच्यापेक्षा मोठं!"

"म्हणजे बघ," आनंदी भरभर बोलायला लागली, तिचे गाल लाल झाले होते, "आपल्याला आपली भिंत पोटाच्या पुढेच न्यायला हवी. बाबांनी रेघ कोपऱ्यापासून मारलीय, ती चूकच आहे. सर्वांत पुढे आलेल्या जागेपासून मोजायचं. तिथून पुढे जायचंच आहे, तर आणखी दोन इंच पुढे जाऊ. मेढेच्याही पुढे! मेढ मागे राहील. उभी राहील तिथेच, दोन भिंतींच्या मधल्या मोकळ्या जागेत. आपल्या भिंतीला तिचा स्पर्शसुद्धा होणार नाही."

ऋता तिच्याकडे पाहत राहिली. "यार आई," ती म्हणाली, "तू तो जीनियस है."

काकांना हात धुताना विचारलं. काकांनी नीट विचार केला. "मेढ हलली का?"

"नाही."

"पडली का?"

"नाही, भाऊजी. फक्त पडद्यामागे गेली."

"मग माझी हरकत नाही. अंतरपाटामागे नवरी असतेच की."

एकट्या रत्नाकरला वाईट वाटलं. खोली चार इंचांनी अरुंद झाली आणि तिन्ही कागद पुन्हा काढावे लागले. ते त्यानं बुधवारी पहाटे काढले, आणि या वेळी 'तपासणारी' असं स्वतःच लिहून जागा रिकामी सोडली.

बुधवार आणि गुरुवार आनंदीच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस असावेत. सुतारकामात काळजीला इतका मान आहे हे तिला कुणी आधी का सांगितलं नव्हतं? एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, आणि कुणी चिडलं नाही. उलट दांडा बरोबर बसला. गुण्या लावून काटकोन पाहिला, मग उलटा लावून पाहिला, कारण गुण्याच चुकीचा असला तर? खालच्या पट्टीखाली ओल चढू नये म्हणून तिनं रबराची पट्टी अंथरली, आणि ऋतानं "एक पुरे" म्हटल्यावर आणखी एक अंथरली. चौदा फुटांचा सांगाडा जमिनीवर आडवा जोडून तयार झाला. शिडीसारखा, पण इतका सरळ की रत्नाकर त्याच्याभोवती चपला काढून फिरला.

गुरुवारी दुपारी तो उभा करायचा होता.

"एक, दोन, तीन!" ऋता म्हणाली. तिघांनी उचलला. सांगाडा वर आला, वर आला, छातीपर्यंत, डोक्यापर्यंत, जवळजवळ सरळ झाला आणि वरची पट्टी छताला जाऊन कचकन अडली. थोडासा, अगदी बोटभर तिरका. ना पुढे, ना मागे.

"ढकला," रत्नाकर म्हणाला.

"ढकलतेय की, बाबा!"

"ड्रॉइंगप्रमाणे उंची बरोबर आहे. छतापर्यंत आठ फूट दहा इंच, सांगाडा आठ फूट दहा इंच. मिलिमीटरचा फरक नाही."

आनंदी दोन हातांनी सांगाडा धरून उभी, गाल लाकडाला चिकटलेला, आणि तिच्या डोक्यात अचानक पायथागोरस उगवला. "अहो!" ती किंचाळली. "तिरका असताना जास्त भरतो! सरळ उभा राहिला तर बसेल, पण सरळ व्हायला आधी तिरकं असावं लागतं!"

"मग सरळ करा."

"तिरका असल्यामुळे सरळ होत नाहीये!"

हे वाक्य ऐकून ऋताला जे हसू फुटलं ते थांबेना. हसल्यानं हात सैल पडले, सांगाडा एक वीत खाली आला, रत्नाकर "धरा, धरा" ओरडला, त्यावर आनंदीलाही हसू फुटलं. तीन माणसं, अडीचशे किलो असल्यासारखी जड लाकडं डोक्यावर, आणि कुणाला खाली ठेवता येईना. ठेवायला पाय मागे घ्यावे लागत होते आणि हसताना पाय मागे जात नव्हते.

"भाभीजी!" दारातून आवाज आला. यादवजी उभे होते, भुवयांपर्यंत पिठानं पांढरे. "का हो गया? इतना चिल्लाहट सुने, हम समझे चोर घुसा है."

"यादवजी, पकड़िए!" तिघेही एकदम ओरडले.

यादवजींनी पकडला. सांगाडा हळूहळू खाली आला. चौघंही जमिनीवर बसले. यादवजींना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी दाराच्या जाड रबराकडे पाहिलं, मग लाकडाकडे, मग ऋताकडे. "मतलब ई सब हमारी चक्की के लिए?"

त्यांना वाईट वाटेल असं आनंदीला वाटलं.

"अरे, पहले बताते!" यादवजी म्हणाले. "बिटिया के लिए शनिवार को चक्की हम बंद कर देते. एक दिन में कौन भूखा मरेगा?"

"एक दिवसाचं नाही ना, यादवजी. काम मिळालं तर रोजचंच आहे," ऋता हसत म्हणाली आणि तेच हिंदीत सांगितलं.

यादवजींनी डोकं खाजवलं, पीठ खाली सांडलं. "तब तो दीवार ही ठीक है," ते म्हणाले आणि बाह्या वर करून करवत मागितली.

प्रत्येक दांड्यातून बोटाच्या पेराएवढं लाकूड कापलं. या वेळी सांगाडा सरळ उभा राहिला, आणि वर राहिलेल्या फटीत आनंदीनं रबराचे तुकडे आणि पाचरी बसवून पक्का केला. मग ओळंबा. प्रत्येक दांड्याला एकदा, समोरून आणि बाजूनं. यादवजी चक्की सोडून तिच्यामागे ओळंबा धरून फिरत होते. "सीधा है, भाभीजी." "और एक बार, यादवजी." "एकदम सीधा है." "और एक बार." मागच्या मोकळ्या जागेत, टहाळा सुकलेली मेढ कुणालाही न टेकता उभी होती.

शुक्रवारी लोकर भरून झाली, बोर्ड ठोकून झाले, फटी भरून झाल्या. संध्याकाळी साडेसहाला परीक्षा ठरली. ऋता आणि रत्नाकर यादवजींच्या गाळ्यात जाऊन भिंतीला कान लावणार, चक्की बंद ठेवणार, आणि आनंदी आत एकटी ओरडणार.

"काय ओरडू?"

"काहीही, आई. जोरात. तुझ्याकडून जितकं होईल तितकं."

दार बंद झालं. रबर दाबलं गेलं आणि सगळं शांत झालं, इतकं शांत की आनंदीला स्वतःचा श्वास ऐकू आला. तिनं गाऊन पाहिलं, बेसूर. तिनं "यादवजी!" असं ओरडून पाहिलं. मग तिनं डोळे मिटले, दोन्ही मुठी आवळल्या आणि पोटातून, सगळा जोर लावून ओरडली, "जाऊ नकोस! ऋता, जाऊ नकोस पुण्याला! मला जमणार नाही गं! मला अजिबात जमणार नाही!"

दोन मिनिटांनी दार उघडलं. ऋता आणि रत्नाकर हात वर करून नाचत होते. "काही ऐकू आलं नाही! आई, एक शब्द नाही! ओरडलीस ना पण?"

"ओरडले की."

"काय ओरडलीस?"

"बाराचा पाढा," आनंदी म्हणाली.

शनिवारी नमुना रेकॉर्ड झाला, चक्की पूर्ण जोरात चालू असताना. चार वाजता तो पुण्याला गेला. संध्याकाळ गेली. रविवारची सकाळ गेली. शरदिनी मॅडमचा निरोप नाही. ऋतानं बॅग भरायला काढली; आनंदीनं त्यात लाडू ठेवले, मग काढले, मग पुन्हा ठेवले. रत्नाकर पेन्सिलीला टोक करत होता, पेन्सिल संपेपर्यंत.

दुपारी ऋता काहीतरी शोधायला खाली खोलीत गेली आणि तिच्यामागे दार लागलं. आनंदी दारासमोरच्या बाहेरच्या जिन्यात उभी. वीतभर काचेतून तिला लेक दिसत होती. कानाला फोन. मग ऋता एकदम ताठ झाली. मग तिनं तोंड उघडलं, मोठं, आवाज न येणारं. मग तिनं दोन्ही हात वर फेकले आणि थरथरत उड्या मारायला लागली, डोकं मागे, केस उडतायत, तोंड तसंच उघडं.

भिंतीतून वायर गेली होती. स्वतः आनंदीनं पाइपातून ओढली होती. कुठे तरी खिळा लागला असणार.

"शॉक!" ती ओरडली. "अहो, पोरीला शॉक!" आणि तीन पायऱ्या एकदम उतरून तिनं मेन स्विच खाली खेचला. घरातले पंखे थांबले, फ्रिज थांबला, वरून रत्नाकर पेन्सिल घेऊन धावला. आनंदीनं कोपऱ्यातली लाकडी काठी उचलली, कारण शॉक लागलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, आणि दार ढकललं.

अंधारात ऋता उभी होती, फोनच्या उजेडात, गालांवरून पाणी वाहत. "आई! लाइट कशाला घालवलीस?"

"तुला शॉक—"

"कसला शॉक! काम मिळालं! घरूनच करायचं! त्या म्हणाल्या, हा कुठला स्टुडिओ आहे, इतका शांत? किती वेळ ओरडतेय मी तुम्हाला, कुणी ऐकतच नाही!"

आनंदीच्या हातून काठी पडली. रत्नाकर "काय झालं, काय झालं" करत मागून आला आणि त्याला कुणी सांगेना, कारण दोघी एकमेकींना धरून हसत होत्या, अंधारात, आणि हसता हसता कोण रडतंय ते कळत नव्हतं.

"म्हणजे उद्याचं तिकीट रद्द करू ना?" ऋतानं तिच्या खांद्यात तोंड खुपसून विचारलं.

"तुझं तू ठरव हो," आनंदी म्हणाली. "जायचं असेल तर जा. आमचं काही नाही." आणि तिनं ऋताचा दंड इतका घट्ट धरला की ऋता "आई, दुखतंय," म्हणाली.